मधला रस्ता

लाल पेनाची एक रेघ गेला दीड महिना माझ्या डोक्यातून जात नाही. नववीच्या वर्गाला चालण्याची इंग्रजी क्रियापदं शिकवली होती. फळ्यावर दहा-बारा शब्द, आणि गृहपाठ एवढाच की प्रत्येक शब्दाचं वाक्य करायचं, पण वाक्यातलं माणूस आपल्या घरातलं किंवा गल्लीतलं हवं. मुलांनी मन लावून लिहिलं होतं. कुणाचे आजोबा शफल करत होते, कुणाच्या बहिणीचं बाळ टॉडल करत होतं, गल्लीतला कुणीतरी रोज रात्री स्टॅगर करत घरी येत होता. संध्याकाळी ओट्यावर बसून मी वह्या तपासत होते. एका वहीत वाक्य आलं : 'माय मदर स्ट्रोल्स टु द फील्ड एव्हरी मॉर्निंग.' माझा हात थांबलासुद्धा नाही. 'स्ट्रोल्स'खाली रेघ मारली, वर 'ट्रजेस' लिहिलं, अर्धा गुण कापला, वही पालथी टाकली आणि पुढची घेतली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. वर्गात बोलणारी नाही ती. वही उघडून बोट ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, हे कसं चुकलं?" मी समजावलं. स्ट्रोल म्हणजे रमतगमत, मजेसाठी चालणं. काम नसताना, कुठे पोचायची घाई नसताना. तुझी आई मजुरीला जाते ना? मग ट्रज. जड पावलांनी, दमून, ओढत नेल्यासारखं चालणं. तिने मान हलवली. मला वाटलं, कळलं. वही मिटता मिटता ती म्हणाली, "पण तिला आवडतं, मॅडम." घंटा झाली आणि ती निघून गेली.

मी तिथेच बसून राहिले.

तिच्या आईला मी पाहिलं होतं. पालक सभेला एकदा आली होती, कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. निळ्या प्लास्टिकच्या चपला, पायांच्या टाचांना भेगा, त्या भेगांत काळी माती भरलेली. आमच्या शिरपूर तालुक्यातल्या शेकडो बाया सकाळी अशाच निघतात, कुणी निंदणीला, कुणी कापूस वेचायला. स्टाफरूमच्या खिडकीतून मी त्यांना रोज बघते. मी एका नजरेत ठरवून टाकलं होतं की ही चाल जडच असणार. शब्दकोशात ट्रजचा अर्थ देताना बहुतेक ठिकाणी थकव्याचा उल्लेख असतो. म्हणजे त्या शब्दात नुसते पाय नाहीत, पायांमागचं कारणही आहे. आणि कारण मी माझ्या मनाने भरलं होतं.

हे शब्द शिकवायला मला फार आवडतात, म्हणूनच हे जास्त लागलं. दरवर्षी मी ते करून दाखवते. पदर खोचते आणि फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत बारा प्रकारांनी चालते. टिपटो म्हणजे चवड्यांवर, आवाज न करता. स्ट्राइड म्हणजे लांब लांब टांगा टाकत. शफल म्हणजे पाय न उचलता, तळवे घासत. मुलं देवनागरीत उच्चार लिहून घेतात आणि तिथे दरवर्षी एक गंमत होते. पाण्यातून चालणं म्हणजे 'वेड', हे फळ्यावर आलं की वर्ग हसतो. अनेरला पूर आलेला असताना गुडघाभर पाण्यातून पलीकडे जायचं म्हणजे वेडच की, असं एक मुलगा म्हणाला होता आणि तो शब्द त्या वर्षी कुणीच विसरलं नाही. लंगडण्याला 'लिंप' म्हटलं की मुलींना घर लिंपणं आठवतं. ज्यांच्या घरी अजून मातीच्या भिंती आहेत, त्या एकमेकींकडे बघतात. आणि 'मार्च' म्हटलं की दहावीच्या मुलांना परीक्षाच दिसते.

यंदा मात्र त्यांच्या प्रश्नांनी मला अडवलं. एकाने विचारलं, "केळीचा घड घेऊन माणूस चालतो त्याला काय म्हणतात?" मला ते चालणं लगेच डोळ्यासमोर आलं. खांद्यावर घड, बागेतल्या ओल्या मातीत पाऊल टेकवायचं ते जपून, गुडघे किंचित वाकलेले, आणि पावलं छोटी पण भराभर, कारण घड हिंदकळला तर केळीला मार लागतो आणि मार लागलेल्या केळीला भाव नाही. शर्टावर चिकाचे काळे डाग. डोक्याची रेषा जराही खाली-वर होत नाही, जणू फक्त कमरेखालचा माणूस चालतोय. याला इंग्रजीत एक शब्द नाही. मराठीतही नाही. दुसऱ्याने विचारलं, पहिल्या पावसात शेतातून येतो तेव्हाचं चालणं कोणतं? ज्याने आमची काळी जमीन तुडवली आहे त्यालाच हा प्रश्न पडतो. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही माती पाणी पिऊन फुगते आणि पायाला धरते. दहा पावलांत चपलेखाली दुसरी चपल तयार होते, वीस पावलांत तिसरी. पाय उचलताना शेत सोबत उचलल्यासारखं वाटतं. मग थांबायचं, बांधावरच्या दगडाला तळवा घासायचा, गोळा पाडायचा, पुन्हा चालायचं. इथे मी ट्रज सांगितलं आणि ते बरोबरच होतं. बहुधा तिथूनच माझ्या मनात शेत आणि ट्रज यांची गाठ पक्की बसली.

एक शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवते. 'फाइल'. मुलांना फाइल म्हणजे पुठ्ठ्याची, दाखले ठेवायची. पण एकामागे एक ओळीने चालणं हेही फाइलच. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून पावरा कुटुंबं बाजाराला उतरतात तेव्हा अशीच चालतात. पुढे म्हातारा, मग बाई, तिच्या मागे पोरं, डोंगरातल्या पाऊलवाटेवर दोघांना शेजारी चालायला जागा नसते म्हणून. होळीआधी भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत तर नवे कपडे, चांदीचे दागिने, ढोल यांची लांब रांग वळणावळणाने खाली येताना दिसते. रुंद डांबरी रस्त्याला लागले तरी ते ओळ मोडत नाहीत. पायांना वाटेची आठवण असते. या शब्दाचं आणि त्या पुठ्ठ्याच्या फाइलचं मूळ एकच आहे, लॅटिनमधला 'फीलुम', म्हणजे दोरा. पूर्वी कागद दोऱ्यात ओवून ठेवत, आणि माणसं ओळीने चालली की तीही दोऱ्यात ओवल्यासारखी दिसत. कापसाच्या मुलखातल्या मुलांना हे सांगताना मला फार बरं वाटतं. त्या दिवशी पावरा वस्तीवरचा एक मुलगा, जो एरवी बाकावर डोकं ठेवून बसतो, ताठ बसून ऐकत होता.

इंग्रजीला चालण्याचे एवढे शब्द का लागतात आणि आपल्याला का नाही, असं मुलं विचारतात. लेनर्ड टाल्मी नावाच्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात यावर विचार मांडला होता, तो मी बीएडनंतर वाचला आणि तेव्हापासून वाक्यांकडे बघण्याची माझी रीतच बदलली. 'ही लिम्प्ड इन' हे वाक्य घ्या. लंगडणं मुख्य क्रियापदात बसलंय, आत येणं त्या शेवटच्या 'इन'वर भागलंय. आपण म्हणतो, 'तो लंगडत आत आला.' आपल्याकडे मानाची जागा येण्याला. लंगडणं 'त' लावून बाजूला उभं राहतं. निघाला, शिरला, चढला, उतरला, परतला, पोचला. आपली क्रियापदं माणूस कुठून कुठे गेला ते सांगतात, कसा गेला ते सांगायला वेगळा शब्द जोडावा लागतो. आणि त्या जोडशब्दांत आपण कमी श्रीमंत नाही. तरातरा, झपाझप, लुटुलुटु, दुडुदुडु, तुरुतुरु, खुरडत, रखडत, ठुमकत, झोकांड्या खात. यातले अर्धे शब्द तर डोळ्यांनी बघितलेलेच नाहीत, कानांनी ऐकलेले आहेत.

हे मला माझ्या मोठ्या मायमुळे माहीत. माझं माहेर बोरी नदीकाठचं. वडिलांच्या आईला आम्ही मोठी माय म्हणायचो. मोतीबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले होते आणि ती दिवसभर दारातल्या बाजेवर बसलेली असायची. समोरून गल्ली जायची. मातीची गल्ली, मधून सांडपाण्याची नाली, तिच्यावर एक हलणारी फरशी. त्या फरशीवर पाय पडला की मोठी माय नाव सांगायची. फरशी एकदाच वाजली तर तरणा माणूस, दोनदा वाजली तर म्हातारा. चपला फटफट वाजल्या तर अमक्याची सून, कारण ती नवऱ्याच्या चपला घालून पाण्याला जायची. काठी आणि पाय यांच्यामधला वेळ मोजून ती सांगायची की आज याचा गुडघा जास्त दुखतोय. आम्ही पोरं तिला फसवायला चवड्यांवर जायचो. ती हसून म्हणायची, "कोन शे ते? मांजर का?" संध्याकाळी वडील आले की तिला आधी कळायचं. "नाना उना," ती म्हणायची, आणि मग जरा वेळाने, हलक्या आवाजात, "आज पाय दुखी ऱ्हायना तेना." वडील ओट्यावर बसून चपला काढत असायचे, तोंडातून शब्द काढलेला नसायचा. माय पाणी तापवायला घ्यायची.

वडील पोस्टमन होते. आसपासच्या पाच गावांची टपाल त्यांच्याकडे. सायकल होती, पण पावसाळ्यात ती घरीच राहायची, कारण काळ्या चिखलात सायकल माणसावर बसते. खाकी पिशवी खांद्याला, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, आणि नाना चालत निघायचे. मनीऑर्डर असली की पाऊल झपाझप पडायचं, तार असली की वेगळं. तार आल्यावर ते कसे चालायचे हे मला फक्त एकदा दिसलं. शेजारच्या गल्लीत तार होती. ते नेहमीच्या वेगानेच आले, पण त्या घराच्या आधी दोन घरं सोडून थांबले, पायातल्या चपला नीट केल्या, ज्या आधीच नीट होत्या, आणि मग पुढे गेले. त्या चालण्याला कोणता शब्द द्यायचा, हे मी आजही शोधते आहे.

शेवटच्या वर्षी त्यांचे दोन्ही गुडघे गेले. दवाखान्यातून ॲल्युमिनियमची चौकट आणली, तिला वॉकर म्हणायचं. आयुष्यभर जो माणूस चालला त्याचं नाव त्या चौकटीला मिळालेलं बघून मला कसंतरी व्हायचं. त्याच वर्षी भावाचा मुलगा चालायला शिकत होता. त्याच्यासाठी गावातल्या सुताराकडून लाकडी पांगुळगाडा करून घेतला होता, तीन चाकांचा, ढकलला की चाकावरचं लाकूड टकटक वाजायचं. एकाच अंगणात एका बाजूने पांगुळगाडा यायचा, दुसऱ्या बाजूने वॉकर. नातू पडायचा, हसायचा, उठायचा. नाना त्याच्याकडे बघत उभे राहायचे आणि म्हणायचे, "तू ये इकडे, मी येतो तिकडे." मध्ये चार पावलं अंतर असायचं. कधी कधी त्याला पाच मिनिटं लागायची. बाळाच्या त्या चालण्याला इंग्रजीत टॉडल हा गोड शब्द आहे. नानांच्या चालण्याला शफल म्हटलं असतं, आणि शब्दकोशाच्या दृष्टीने ते बरोबर ठरलं असतं. पण अंगणात उभं राहून बघणाऱ्या आम्हाला ते दोघं एकच काम करताना दिसत होते. पुढे एका रात्री ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. खूप दिवसांनी, शब्दांच्या मागे लागलेली असताना मला कळलं की ॲम्ब्युलन्सच्या पोटात लॅटिन 'ॲम्ब्युलारे' आहे, म्हणजे चालणं. फ्रेंच सैन्यासोबत फिरणाऱ्या दवाखान्याला 'चालता दवाखाना' म्हणत, त्यातला दवाखाना गळला आणि चालता तेवढा उरला. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं.

चालण्याबद्दल मी एकदा आधीही चुकले होते का, हे गेल्या दीड महिन्यात मी पुष्कळदा तपासलं. २०२०च्या मे महिन्यात मुंबई–आग्रा रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही पाण्याच्या बाटल्या आणि खिचडी वाटत होतो. मालेगाव, धुळे, शिरपूर, पळासनेर करत माणसं मध्य प्रदेशाच्या हद्दीकडे चालली होती. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं, डांबर विरघळावं असं ऊन. तिथे मात्र ट्रज हा शब्द खरा होता, आणि तोही अपुरा. एका बाईच्या चपलेचा पट्टा तुटला होता, तिने तो साडीच्या चिंधीने बांधला होता आणि ती त्या पायाला जरा जपत होती. मी तिला माझ्या चपला दिल्या. त्या तिला मोठ्या झाल्या. तिने घातल्या आणि निघाली, आणि माझ्या चपलांचा आवाज मला लांबपर्यंत ऐकू येत राहिला. नाही, तिथे मी चुकले नव्हते. तिथे चालणं लादलेलं होतं आणि ते चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण त्या रस्त्याने मला एक सवय लावली असावी. गरीब माणूस पायी दिसला की त्याच्या पायांत दुःखच बघायची सवय.

त्याच रस्त्यावर चैत्रात वेगळंच चालणं दिसतं. सप्तशृंगीच्या गडावर जाणारे पायी जत्थे. शिरपूर-चोपड्याकडून, शहाद्याकडून, जळगावकडून. भगवे झेंडे, ट्रॅक्टरवर गाणी, रस्त्याच्या कडेला मंडप टाकून कुणी ताक देतंय, कुणी टरबुजाच्या फोडी, कुणी पाय दाबून देतंय. मी एकदा गेले होते, नाना गेले त्याच्या पुढच्या वर्षी. पहिल्या दिवशी मी भराभर चालले. दुसऱ्या दिवशी तळव्यांना फोड आले आणि मी लंगडायला लागले. तिसऱ्या दिवशी, कसं ते कळलं नाही, पण पाय माझे राहिले नाहीत. दुखत होते, पण दुखणं लांब कुठेतरी होतं. शेजारी एक म्हातारी चालत होती, अनवाणी, एका पायाने फेंगडी. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, हिला कशाला आणली. ती मात्र सगळ्या रस्ताभर गप्पा मारत होती, सुनांच्या, म्हशीच्या, यंदा कानबाई बसवायला कोण कोण येणार त्याच्या. मध्येच झाडाखाली थांबायची, कैऱ्या किती लागल्या ते बघायची. फिरायला निघाली होती ती. इंग्रजीत सॉन्टर असा एक शब्द आहे, अगदी निवांत चालण्यासाठी. त्याच्याबद्दल एक जुनी गोष्ट सांगतात की पवित्र भूमीला, म्हणजे फ्रेंचमध्ये 'सँत तेर'ला, निघालोय असं सांगत गावोगाव भटकणाऱ्या यात्रेकरूंवरून तो आला. कोशकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत. पण ती म्हातारी मला आठवते तेव्हा वाटतं, गोष्ट रचणाऱ्याने अशी एखादी बाई नक्की पाहिली असणार.

मग मी स्ट्रोलचं मूळ शोधलं. हे आधीच करायला हवं होतं. १७व्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता, घरदार नसलेल्या माणसासारखं वणवण भटकणं. जर्मनमधल्या भटक्याला म्हणायच्या शब्दावरून तो आला असावा असं मानतात. गावोगाव फिरून खेळ करणाऱ्या नटांना स्ट्रोलिंग प्लेअर्स म्हणत. बागेतली संध्याकाळ, जेवणानंतरचा फेरफटका हे सगळं नंतर चिकटलं. म्हणजे हा शब्द मुळात ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांचा होता. पुढे तो ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांच्याकडे गेला. आणि मी, एका गावातल्या शाळेत बसून, तो परत मागणाऱ्या मुलीच्या वहीतून लाल पेनाने काढून घेतला.

तिला मी पुन्हा बोलावलं. शाळा सुटल्यावर, व्हरांड्यात. विचारलं, "आईला आवडतं म्हणजे काय गं? काय आवडतं तिला?" ती बराच वेळ चपलेच्या टोकाने फरशीवर रेघ ओढत राहिली. तिला वाटलं असावं, मी पुन्हा चूक दाखवणार. मग म्हणाली, "घरी काम असतं. शेतात मुकादम असतो. ती म्हणते, मधल्या रस्त्यावर कुणी काम सांगत नाही."

मी तिची वही मागून घेतली. लाल शाई खोडता येत नाही, म्हणून 'ट्रजेस'वर आडवी काट मारली, तिच्या 'स्ट्रोल्स'भोवती गोल केला आणि अर्धा गुण परत दिला. वर्गातही सांगितलं, माझं चुकलं होतं ते. मुलांना अर्ध्या गुणाचंच महत्त्व वाटलं. ती मुलगी खाली बघून हसली.

पण रस्ता मी बघितला नव्हता. तो योगायोगाने घडला. मार्गशीर्षातली सकाळ होती, स्कूटी फाट्याजवळ पंक्चर झाली. शाळा दीड किलोमीटर. गाडी टपरीवर लावली आणि पायी निघाले, पहिल्या तासाची चिंता डोक्यात घेऊन, तरातरा. हवेत ओल्या मातीचा आणि चुलीच्या धुराचा वास. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, बोंडांवर दव असं की पांढरं राखाडी दिसत होतं. पुढे सात-आठ बायांचा घोळका चालला होता. कापूस वेचायला निघालेल्या, कमरेला गुंडाळलेली फडकी, हातात डब्याच्या पिशव्या. त्या सगळ्यांत मागे ती होती, निळ्या चपलांवरून ओळखली. ती इतरांपासून पाच-सहा पावलं मागे चालत होती, दमून नव्हे. मागे राहण्यासाठी मागे राहिली होती. एक हात मोकळा, तो पदराशी खेळत होता. रस्त्याच्या कडेला बोरीचं झाड आलं तशी ती थांबली, फांदी खाली ओढली, दोन-चार बोरं तोडली, एक तोंडात टाकलं आणि बी लांब उडवली, लहान मुली उडवतात तशी. मग पुन्हा चालू लागली. तोंडातल्या तोंडात काही गुणगुणत होती, शब्द कळत नव्हते. पावलं पडत होती ती बिनघाईची, जरा डुलत. मी तिच्या मागे होते आणि तिला ठाऊक नव्हतं, आणि एवढी खाजगी गोष्ट बघितल्याबद्दल मला संकोच वाटला. मी मुद्दाम खाकरले.

तिने वळून पाहिलं आणि चेहरा लगेच आवरला, पालक सभेतल्यासारखा. "पायपाय का मॅडम आज?" मी गाडीचं सांगितलं. उशीर होतोय म्हणाले आणि तिला ओलांडून पुढे जायला लागले. तिच्या ओंजळीत बोरं होती, तिने माझ्या हातात ओतली. गार होती, दवाने ओली. मी विचारलं, एवढ्या सावकाश गेलं तर मुकादम बोलत नाही का? ती हसली. ओला कापूस वेचायचा नसतो, तिने सांगितलं, दव वाळल्याशिवाय शेतात हात लावायचा नाही, मालकच लावू देत नाही. माझ्या जन्मापासून कापूस बघत आले मी, आणि या बाया सकाळी अशा का चालतात हे मला ठाऊक नव्हतं.

लांबून शाळेची घंटा ऐकू आली. पुढच्या बाया रस्ता सोडून बांधावर वळल्या, बांध अरुंद म्हणून आपोआप एकामागे एक झाल्या. हिची वळायची जागा अजून जरा पुढे होती. मी पाऊल उचललं.

"हयू हयू चाला मॅडम," ती म्हणाली. "घाई काय शे? अजून दव शे."